दोरीवरचा प्लग

"त्याला असं काय दिलंत, वस्ताद, जे मला न्हाई दिलं?"

हिंदुराव चौगुल्यांनी हे दारातूनच विचारलं. चपला काढल्या नव्हत्या की रामराम घातला नव्हता.

बाबालाल वस्ताद शिलाई मशीनमागं बसले होते. मांडीवर जाड कागद आणि हातात कापड कापायची मोठी कात्री. कागदातून मोटारसायकलच्या इंजिनाचं गॅस्केट कापणं चाललं होतं. कात्री थांबली नाही.

"कुणाला?"

"कुणाला काय विचारताय! त्या चिरमुरेवाल्याला."

"बसाप्पाला? ... तुला दिलं तेच."

"मग तो माझ्या पुढं कसा?"

"बस."

"बसायला न्हाई आलो मी."

"मग उभा राहा."

हिंदुराव उभे राहिले. साठी उलटलेला माणूस, गावात पिठाची गिरणी, सून आलेली, नातू शाळेत जाणारा. पण वस्तादांच्या दुकानात पाऊल टाकलं की बिचाऱ्याचं पार पोर व्हायचं, आणि आज तर ते पोर चांगलंच रुसून आलं होतं.

गडहिंग्लजच्या त्या गल्लीत बाबालाल नायकवडी हे टेलर म्हणूनच माहीत. पुढच्या भागात शर्ट-पँटी शिवायच्या आणि मागच्या खोलीत इंजिनं उघडायची, असा त्यांचा जन्म गेला. पोटाला शिलाई आणि जिवाला गाडी, असं ते म्हणायचे. वेगाचं वेड लागलेली आसपासची हौशी मंडळी त्यांच्याकडं शिकायला येत. त्या सगळ्यांत हिंदुराव जुने. इतके जुने की नव्या लोकांना वस्तादांच्या आधी हिंदुरावांनाच नमस्कार करावा लागे, निदान हिंदुरावांची तशी अपेक्षा असे.

मागच्या भिंतीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक दोरी. एका शिष्याची एक दोरी. दोरीवर पांढऱ्या धाग्यानं बांधलेले इंजिनाचे जुने प्लग.

बसाप्पाला येऊन अवघे तीन हिवाळे झाले होते, तरी त्याची दोरी दाराच्या तोरणासारखी भरली होती. हिंदुरावांच्या दोरीवर एकच प्लग होता. तोही गंजलेला, पहिल्या वर्षाचा.

"ती बघा," हिंदुरावांनी बोट दाखवलं. "हाडाची काडं केली मी ह्या नादापायी. दर वर्षी माळावरनं प्लग आणून तुमच्या हातात दिला. तुम्ही बघितला आणि परत माझ्याच हातात ठेवला. पहिल्यानंतर आणखी एक तरी दोरीला लावायचा!"

"लावला असता की."

"मग?"

"तू आणलाच न्हाईस."

"दर वर्षी आणलाय!"

कात्री थांबली.

"ते तिथले नव्हते, हिंदुराव."

"तिथले म्हणजे कुठले?"

वस्तादांनी कागद उजेडाकडं धरला, कापलेल्या भोकातून एक डोळा मिटून पाहिलं, आणि पुन्हा कात्री चालू केली.

...

हिंदुराव पाय आपटत घरी गेले.

आता खरं सांगायचं तर आजार जुना नव्हता. बसाप्पा कोरे येण्याआधी हिंदुराव सुखी होते. गावाबाहेरच्या माळावर जुनी धावपट्टी आहे. विमान उतरलेलं कुणी पाहिलेलं नाही. वर्षभर तिथं म्हशी बसतात. पण माघात एके दिवशी म्हशी हाकलून हौशी मंडळी तिथं जमत. दोन झेंड्यांमधलं अंतर एकेकानं एकट्यानं तोडायचं, लढत घड्याळाशी. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली ती धरायची. शेडच्या भिंतीवर खडूनं नावं लिहीत, आणि सगळ्यात वर वर्षानुवर्षं 'हिंदुराव' असायचं.

मग हा बसाप्पा उगवला. चिरमुऱ्याची भट्टी, अंगाला कायम वाळूचा आणि धुराचा वास, बोलणं मवाळ. दुसऱ्याच वर्षी त्याचं नाव वर गेलं. मागच्या वर्षी तर असं वर गेलं की मध्ये आणखी दोन नावं मावावीत.

तेव्हापासून हिंदुरावांना अन्न गोड लागेना. गिरणीत दळण घालता घालता ते मध्येच थांबायचे. वस्ताद बसाप्पाशी किती वेळ बोलले, चहा आधी कुणाला दिला, हाक मारताना 'बसाप्पा' म्हणाले की 'बसू' म्हणाले, सगळं ध्यानात ठेवायचे. 'बसू' म्हणाले होते. एकदा तरी नक्की म्हणाले होते.

"सवत आणल्यागत करताय," बायको, आक्काताई, भाकरी थापता थापता म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"त्यातलं न्हाई कळत. सवतीतलं कळतंय."

हिंदुराव ताटावरून उठले. मागून आक्काताई खुदकन हसल्याचं त्यांना ऐकू आलं, आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

...

माळावर जमायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता.

त्या दिवशीची एक रीत होती. वस्ताद शिष्यांच्या गाड्यांचे जेट स्वतः धुऊन द्यायचे. जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळी तुकडा, शर्टाच्या बटणाएवढा, मधोमध सुईनं पाडल्यासारखं भोक. त्या भोकातून किती पेट्रोल आत जातं, यावर गाडीचं सगळं नशीब. वस्ताद ते पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचे, फुंकर मारायचे, सुपारीच्या डबीत घालायचे, आणि डबी द्यायच्या आधी कपाळाला लावायचे.

हिंदुराव आले तेव्हा वस्ताद टोपी घालून निघाले होते.

"जुम्म्याला जाऊन येतो. दुकान बघ जरा."

"बसाप्पा न्हाई आला?"

"येईल मागनं. तुझी डबी ही. त्याची ती."

वस्ताद गेले. दुकानात शिलाई मशीन, दोन डब्या आणि हिंदुराव.

डब्यांशेजारी खुंटीवर एक नवीन जाकीट होतं. जाड कॅनव्हासचं, कोपरांना कातडं लावलेलं, गळ्यापर्यंत बंद होणारं. टाका अगदी बारीक. वस्तादांचा हात डोळे मिटूनही ओळखता आला असता. हिंदुरावांनाही वस्तादांनी असंच जाकीट शिवलं होतं, पण कधी! आता त्याला ठिगळं किती आणि मूळ कापड किती हे आक्काताईलाच विचारावं लागलं असतं.

गळ्याच्या आत खडूनं लिहिलं होतं: बसाप्पा.

हिंदुरावांनी ते नाव दोनदा वाचलं. रस्त्यावर कुणी नाही असं बघून त्यांनी ते जाकीट अंगात चढवलं. खांद्याला आवळलं. पोटावर तर दोन टोकं एकमेकांचं तोंड बघेनात. त्यांनी श्वास आत ओढला, पोट आत ओढलं, तरी बटण लागेना.

काढून पुन्हा खुंटीला अडकवताना त्यांचे डोळे भरून आले. स्वतःचाच राग आला. साठी उलटली आणि जाकिटावरून रडतोस, अं?

मग त्यांचा हात डब्यांकडं गेला.

दोन्ही जेट वरून सारखेच. पण उजेडाकडं धरल्यावर बसाप्पाच्या जेटचं भोक केसभर बारीक दिसलं. केसभरच, पण बारीक.

'हे दिलंय होय त्याला! आणि वर तोंड करून म्हणतात, तुला दिलं तेच.'

चोरीबिरी असलं काही त्यांच्या मनात आलं नाही. माझं होतं ते घेतोय, एवढंच आलं. त्यांनी त्याचा जेट आपल्या डबीत टाकला आणि आपला त्याच्या.

वस्ताद परतले तेव्हा हिंदुराव डबी मुठीत धरून दारात उभे होते.

"निघालास?"

"गिरणीत दळणं पडल्यात."

"हिंदुराव..."

हिंदुरावांनी डबी पाठीमागं घेतली.

"उद्या एवढं एक ऐक माझं. झेंडा ओलांडलास की तिथंच गाडी बंद कर. भरधाव असतानाच बंद कर. थांबंल तिथं थांबू दे, आणि ढकलत घेऊन ये."

"दर वर्षी हेच सांगताय."

"दर वर्षी हेच सांगतोय."

"ढकलत यायला माझी गाडी बंद पडल्या होय? समदं गाव बघत असतंय, वस्ताद!"

वस्तादांनी टोपी काढली, घडी केली, खिशात ठेवली.

"व्हय," ते म्हणाले. "बघत असतंय."

...

माळावर ऊन चांगलं तापलं होतं. शेडच्या सावलीत खुर्च्या, थर्मासमधला चहा, आणि वस्ताद एका मोडक्या स्टुलावर.

हिंदुरावांची पहिली फेरी.

त्यांनी गिअर टाकला, मूठ पिळली, आणि गाडी अशी सुटली की त्यांच्या तोंडून आपोआप शिवी गेली, आनंदाची. जुनी टू-स्ट्रोक गाडी, तिचा प्रत्येक भाग त्यांनी स्वतःच्या हातानं कानस मारून घासलेला. इतक्या वर्षांत तिचा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. कोरडा, टणक, वर वर चढत जाणारा. पहिला झेंडा गेला. टाकीवर पोट टेकलं, हनुवटी टेकली, दुसरा झेंडा आला कधी आणि गेला कधी ते कळलंसुद्धा नाही.

मग त्यांनी मूठ सोडली, गाडी वळवली, आणि नेहमीप्रमाणं रमत-गमत परत आले. एक हात वर. शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, "नाद न्हाई करायचा हिंदुरावचा!" हे एक वाक्य ऐकायला माणूस वर्षभर जगतो, मग ती मजा ढकलत येऊन घालवायची?

शेडमधून घड्याळवाल्यानं ओरडून वेळ सांगितला. आजवरचा त्यांचा सगळ्यात चांगला. बसाप्पाच्या मागच्या वर्षीच्या वेळेच्याही पुढं.

हिंदुरावांनी प्लग काढला. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. डॉक्टर जीभ बघतो तसा जाणता माणूस प्लग बघतो. चहाच्या रंगाचा असला तर सगळं ठीक. काळा असला तर पेट्रोल जास्त. पांढरा असला तर पेट्रोल कमी, आत आग.

चहाच्या रंगाचा होता. छान.

"बघा, वस्ताद."

वस्तादांनी बघितला. वास घेतला. आणि परत हिंदुरावांच्या हातात ठेवला.

"हा कुठला?"

"आत्ताचा! तुमच्या डोळ्यांदेखत काढला की!"

"व्हय. आत्ताचा हाय."

हिंदुरावांना वाटलं, आता हद्द झाली. ह्यांच्या लाडक्याच्या पुढं गेलो तर ह्यांना बघवत नाही.

मग बसाप्पा निघाला. निघतानाच गाडी खोकली. मागं निळा धूर, पुढं घुसमटलेला आवाज, बैल चिखलात रुतावा तशी ती दोन झेंड्यांमधून गेली. दुसरा झेंडा ओलांडल्यावर एकाएकी आवाज तुटला. बसाप्पानं गाडी बंद केली होती. दर वर्षीप्रमाणं. पार लांब, बाभळीपाशी जाऊन ती थांबली, आणि तो खाली उतरून ढकलायला लागला.

"बसाप्पा, प्याट्रोल संपलं काय रं?" कुणीतरी दर वर्षीप्रमाणं ओरडलं. लोक दर वर्षीप्रमाणं हसले.

हिंदुराव सगळ्यांत मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हसू येत नाहीये. पण तोंड तसंच उघडं ठेवलं.

बसाप्पा घामाघूम होऊन पोचला. प्लग काढला. तव्याच्या बुडासारखा काळाकुट्ट. तो सरळ वस्तादांकडं गेला.

"वस्ताद, कायतरी गडबड हाय. ह्यो जेट माझा न्हाई."

वस्तादांनी प्लग हातात घेतला. मग मान वर करून हिंदुरावांना शोधलं.

हिंदुराव तोवर दुसऱ्या फेरीसाठी रेषेवर उभे होते. बसाप्पाची एक फेरी अजून राहिली होती. ती होण्याआधी त्यांना वेळ आणखी खाली आणायचा होता. इतका खाली की हा चिरमुरेवाला जन्मात पोचू नये. इतका की भिंतीवर मध्ये चार नावं मावावीत.

वस्ताद स्टुलावरून उठले. हात वर केला आणि भराभर चालत निघाले. गुडघे दुखणारा म्हातारा अक्षरशः पळायला लागला.

"हिंदुराव! थांब! थांब रं!"

हिंदुरावांनी ते पाहिलं. ऐकलंही.

'त्याला जिंकवायला मला थांबवतायत,' त्यांच्या मनात आलं. तीस वर्षं परत मिळालेले प्लग त्या एका क्षणात आठवले, आणि त्यांनी क्लच सोडला.

पहिला झेंडा गेला. आवाज चढला, आणखी चढला, किंचाळायला लागला. मग एकदम तो आवाजच उरला नाही.

मागचं चाक जाम झालं. गाडी आडवी सरकली, टायरचा चर्र आवाज, डांबराचा वास. सवयीनं बोटांनी क्लच आवळला म्हणून चाक सुटलं, नाहीतर हिंदुरावांची गोष्ट इथंच संपली असती. झोकांड्या खात गाडी दुसऱ्या झेंड्याच्या बरीच अलीकडं थांबली.

शेडमधले लोक खुर्च्या सोडून उभे राहिले.

...

हिंदुराव खाली उतरले. त्यांनी किक मारून पाहिली. किक खाली जाईना. पिस्टन आत वितळून चिकटला होता. असल्या जुन्या गाडीला नवा सिलेंडर आता कुठंच मिळत नव्हता, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

शेड लांब होती. सगळे लोक तिथं एका ओळीत उभे होते.

त्यांनी गाडी वळवली आणि ढकलायला लागले.

निम्म्या वाटेवर बसाप्पा पळत आला. "लागलं काय, अण्णा?"

"न्हाई."

त्यानं मागून हात लावला.

"हात काढ."

बसाप्पानं हात काढला. पण गेला नाही. शेजारून चालत राहिला.

दोघांच्या चपला डांबरावर वाजत राहिल्या.

"तुझा जेट हाय हिच्यात," हिंदुराव म्हणाले. पुढं बघतच म्हणाले. "काल मीच बदलला."

बसाप्पा थांबला. हिंदुरावांना वाटलं, आता हा मारेल. मारावं असंही वाटलं.

"म्हणजे तुमचा माझ्या गाडीत होता व्हय?" बसाप्पा म्हणाला. "तरीच म्हटलं, हिला एकाएकी दमा कशानं लागला."

"शिव्या घाल की लेका."

"घालतो नंतर. आधी पोचू तर द्या."

ऊन डोक्यावर होतं. ठिगळांच्या जाकिटातून घाम पाझरत होता.

"वस्तादांनी दिलेला तो जेट..."

"वस्तादांनी कुठं दिलाय? मीच भोक पाडलंय त्याला. पहिल्या वर्षी मोठं होतं. झेंड्यापाशी बंद करायचो, प्लग बघायचो, दुसरा करून बघायचो. माझ्या गाडीला काय लागतंय ते असं कळत गेलं. तुमच्या गाडीला ते कसं चालंल, अण्णा?"

हिंदुरावांनी गाडी एका खड्ड्यावरून पुढं रेटली.

"दर फेरीला असाच चालत येतोस," मग ते म्हणाले. "लोकं हसत्यात. लाज न्हाई वाटत?"

"वाटायची की. आता चालताना बरं वाटतंय. डोस्कं गार हुतं." बसाप्पानं घाम पुसला. "आणि चालू ठेवून सावकाश परत आलं की प्लगला परत येतानाचा रंग चढतो. पळतानाचा रंग पुसून जातो. मला वस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं हे. तुम्हाला न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा माळावर फारसं कुणी नसायचं. तरणा हिंदुराव झेंड्यापाशी गाडी बंद करून ढकलत आला होता, धापा टाकत, आणि वस्तादांनी तो प्लग धाग्यात बांधला होता. पुढच्या वर्षी गर्दी जमली. हिंदुराव पहिला आला. गाडीवर बसूनच परत आला, हात वर करून. त्यानंतर तो कधी चालला नाही.

म्हणजे इतकी वर्षं तो शिट्ट्यांमधून परत येतानाचा रंग बघून गाडी जुळवत आला होता...

हिंदुरावांना गाडी एकदम जड वाटायला लागली.

"बसाप्पा."

"काय?"

"लाव हात."

...

शेडपाशी लोकांनी वाट करून दिली. कुणी पेट्रोलबद्दल विचारलं नाही.

हिंदुरावांनी गाडी उभी केली. खाली बसून कार्बोरेटर उघडला, बोटं भाजत असताना जेट बाहेर काढला आणि बसाप्पाच्या तळहातावर ठेवला.

"जा. तुझी फेरी राहिल्या."

बसाप्पा गेला.

वस्ताद आले. अजून धाप लागलेली होती. एका हातानं गुडघा धरून ते हिंदुरावांशेजारी खाली बसले.

"लागलं न्हाई न्हवं?"

"न्हाई." हिंदुरावांनी मान वर केली नाही. "वस्ताद... जेट..."

"कळलं."

"मला वाटलं, त्याला जास्त दिलंत."

हिंदुरावांनी टाकीवर हात ठेवला. "इंजिन गेलं, वस्ताद. ह्या वयात आता दुसरं कुठलं उभं करणार मी."

वस्ताद गाडीकडं सरकले. त्यांनी फडक्यानं धरून प्लग सोडवला. खडूसारखा पांढराफटक प्लग. टोकाशी वितळलेल्या धातूचे बारीक मणी.

त्यांनी तो उन्हात धरला. या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला. कपाळाला लावला.

लांब तिकडं बसाप्पाची गाडी सुटली. कोरडा, टणक, चढत जाणारा आवाज दोन झेंड्यांमधून गेला आणि भरधाव असतानाच तुटला. लोक घड्याळवाल्याकडं धावले. हिंदुरावांनी तिकडं पाहिलं नाही. ते वस्तादांच्या हाताकडं बघत होते.

वस्तादांच्या सदऱ्याच्या कॉलरला नेहमीची सुई टोचलेली होती, ओवलेली. त्यांनी पांढरा धागा ओढून घेतला, दातांनी तोडला, आणि त्या जळक्या प्लगच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन सावकाश गाठ मारली.

"हा तिथला. हा दोरीला लागंल," ते म्हणाले. "हिंदुराव, हा तुझा दुसरा."